शेवंतीला अंधार लागतो

हुबळीत मला ओळखणारे म्हणतील, अण्णा थापाड्या आहे.

आहे की. कलघटगीच्या रस्त्यावर वाघानं माझ्याकडं तंबाखू मागितली, हे मीच गावभर सांगितलंय.

पण थाप मारताना मला मजा येते. ही हकीगत सांगताना काहीच येत नाही. ना मजा, ना रडू. त्यावरूनच काय ते ओळखा.

साल १९९७. दिवाळी संपून थंडी पडू लागलेली. धारवाडातली एक सरकारी बाग. नाव सांगत नाही, अजून तिथं लोक पोरांना घेऊन फिरायला जातात.

माझी धाकटी बहीण भागीरथी. तिचा नवरा पद्मनाभ त्या बागेचा सुपरवायझर. आवारातच क्वार्टर. थंडी आली की तिथं घाई असायची. कुंड्यांना गेरू लावायचा, डेलियाला काठ्या बांधायच्या, जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाचे वाफे सजवायचे. माणूस घरी यायचं नाव काढत नसे.

मग रोज तिन्हीसांजेला, लोडशेडिंगनं दिवे गेले की, भागी कंदील घेऊन त्याला न्यायला जायची. शेवंतीच्या वाफ्याच्या टोकाशी भिंतीजवळ उभी राहायची.

हाक मारायची नाही. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

कंदिलाच्या कडीवर बांगडी वाजवायची.

टिण्... टिण्...

तो वाफ्यातूनच ओरडायचा, "आलो गं!"

आदल्या पौषात ती गेली. साधा ताप. संध्याकाळी गेली, आणि तेव्हाही हा बागेतच होता.

त्यानंतर पद्मनाभ रडला नाही. चिडला नाही. सांगितलं तर जेवायचा. लाकडी माणूस झाला होता. मी वाघाची गोष्ट रंगवून सांगितली तर म्हणाला, "बरं."

मला धास्ती होती, हाही तिच्यामागं जाईल. म्हणून सुट्टी काढून त्याच्याकडं राहायला गेलो.

एका सकाळी तो मला वाफ्यावर घेऊन गेला. सगळी शेवंती कळ्यांनी भरलेली. फक्त भिंतीकडचं टोक हिरवंगार.

एक कळी नाही.

"ही तिनं लावलेली पांढरी, अण्णा. वर्षश्राद्धाला हीच फुलं हवी होती."

"खत कमी पडलं असेल."

"खत नाही. शेवंतीला अंधार लागतो. रात्र मोठी झाली की तिला कळतं, आता फुलायचं. रात्रीचा उजेड पडत राहिला तर तिला वाटतं अजून दिवसच आहे. नुसती पानं काढत बसते."

"मग काढून टाका की इथला दिवा."

"इथं दिवा नाही, अण्णा."

मी भिंतीकडं बघितलं. खरंच, ना खांब, ना तार.

"एखादा काजवा पाळला असेल तुमच्या शेवंतीनं," मी म्हणालो. तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

त्या दिवशी ऊन असतानाच प्रदर्शनाच्या मांडवाचं काळं कापड आम्ही त्या टोकावर टाकलं. चारी कडांना विटा ठेवल्या.

सकाळी जाऊन बघतो तर...

विटा एका ओळीत. कापड घडी करून त्यावर ठेवलेलं. चौपदरी, टोकं आत दुमडलेली.

राखणदार मारुतीला विचारलं तर त्यानं दोन्ही कान पकडले. "नान् अल्ल, अण्णा! मी नाही. दिवे गेल्यावर मी त्या अंगाला फिरकतही नाही. तिथं अक्का उभी असते."

पद्मनाभनं घडीच्या दुमडलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. चादरीची टोकं अशी आत दुमडणारी आमच्या घरात एकच होती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वाफ्याच्या अलीकडं बाकावर बसलो.

दिवे गेले.

धारवाडची थंडी. किडे गप्प. वारा अजिबात नाही.

आणि मग भिंतीवर... शेवंतीच्या पानांच्या सावल्या दिसल्या.

लांब लांब. हळूहळू डोलणाऱ्या. कुणी कंदील घेऊन चालत आल्यासारख्या.

सावल्या होत्या. कंदील कुठंच नव्हता.

सावल्या टोकाशी येऊन थांबल्या.

टिण्... टिण्...

भ्यालो का? नाही. मन बधीर झालं होतं, थंडीत बोटं होतात तसं. एवढंच आठवलं, आमची आई सांगायची : तिन्हीसांजेला न दिसणाऱ्याला ओ देऊ नये. ओ दिली की जावं लागतं.

शेजारी पद्मनाभचं तोंड उघडलं. "आ..."

मी झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला.

टिण्... टिण्...

"पद्मनाभराव, गप्प बसा," मी कानात म्हणालो. "तिला सांगा, जा म्हणून."

त्यानं माझा हात सावकाश बाजूला केला. मला वाटलं, गेला हा आता.

पण तो म्हणाला, "भागीरथी."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"भागीरथी, तू हो पुढं. माझं काम उरलंय. मी येतो मागनं."

सावल्या बराच वेळ हलल्या नाहीत.

मग एकेक करून पुसल्या गेल्या. भिंत काळी झाली.

पौषात त्या टोकाला पांढरी शेवंती आली. पिंडावर ठेवली आणि कावळा लगेच शिवला. पद्मनाभ तेव्हाही रडला नाही. हात धुतले आणि प्रदर्शनाच्या कुंड्या मांडायला गेला.

पुढं दर वर्षी ती फुलत राहिली.

२००४च्या थंडीत त्याचा फोन आला. "अण्णा, यंदा टोकाला कळी नाही." आवाजात हसू होतं. किती वर्षांनी ऐकलं. मी म्हणालो, "कापड टाका! मी निघतो." तो म्हणाला, "राहू दे, अण्णा. काम संपलंय."

संक्रांतीच्या आत तो गेला. झोपेतच.

त्या शेवंतीचं एक रोप मी जुन्या हुबळीत घरी आणलं. गॅलरीत कुंडीत लावलं. तीन थंड्या फुललं.

यंदा चौथी.

कळी नाही.

बायको म्हणते, "चुलीतली राख घाला." मी रोज घालतो. राखेनं काय होणार, मला ठाऊक आहे.

काल संध्याकाळी दिवे गेले. गॅलरीच्या भिंतीवर पानांच्या सावल्या आल्या. सावकाश, डोलत.

टिण्... टिण्...

मी ओठ घट्ट मिटून बसलो. जन्मभर बडबड केलेला माणूस, पण काल शब्द काढला नाही.

तेवढ्यात आतून बायको म्हणाली,

"अहो, अंधारात कुठं निघालात? आणि 'आलो, आलो' कुणाला म्हणताय?"