कार्ड बसलं, टेप दिसेना

रुमालात गुंडाळून आणलेली वस्तू तिने कम्प्युटरच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवली आणि रुमालाची टोकं अशी हळूच सोडली, जणू आत जखमी पाखरूच होतं. आत तळहाताएवढं हिरवं कार्ड होतं आणि त्याची एक कड काळी पडली होती. काउंटरमागच्या माणसाने ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं.

“हे गेलं,” तो म्हणाला.

“गेलं म्हणजे?”

“म्हणजे… गेलंच.”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तो बिचारा घाबरून तिला स्टूल द्यायला धावला आणि धावताना स्वतःच त्याला अडखळला.

बाजारातले तयार बूट ज्यांना होत नाहीत, अशा पायांसाठी तिचे बाबा बूट करत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची अपघातात बोटं गेलेली. अशा नऊशे माणसांची मापं तीस वर्षं वह्यांमध्ये होती. दोन वर्षांपूर्वी तिने हट्टाने ती सगळी कम्प्युटरमध्ये भरली आणि वह्या रद्दीत घातल्या. वह्यांना वाळवी लागते, याला काही होत नाही, असं तीच बाबांना छातीठोकपणे म्हणाली होती. परवा विजेचा दाब एकदम वाढला आणि कम्प्युटरमधली डिस्क जळाली. मापांची प्रत एका टेपवर शाबूत होती, टेप वाचणारं ड्राइव्हही धडधाकट होतं. पण ते ड्राइव्ह कम्प्युटरला जोडणारं हे कार्डही डिस्कबरोबर गेलं होतं. बाबांना तिने एवढंच सांगितलं होतं, की कम्प्युटर जरा बिघडलाय.

हे सगळं तिने त्या अनोळखी माणसाला एका दमात सांगून टाकलं. मग तिलाच नवल वाटलं, कारण घरात तिच्या तोंडाला कुलूप होतं.

त्याने चार खोकी उपसली, तिने आणलेली केबल एकेका कार्डाला लावून पाहिली आणि एक चकचकीत कार्ड पुढे केलं. केबल त्यात चपखल बसली.

“चालेल?”

“चालायला हवं. नाही चाललं तर परत या.”

“आणि चाललं तर?”

तो केबल गुंडाळता गुंडाळता थांबला. “तर येऊ नका… असं मी कशाला म्हणेन?”

पावतीवर आपला पत्ता आणि फोन नंबर लिहिताना तिचे कान उगाचच गरम झाले. नवी डिस्क आणि कार्ड घेऊन ती रस्त्यावर आली, तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

घरी कार्ड बसलं, पण टेप दिसेना. कम्प्युटरला डिस्क दिसत होती, कार्ड दिसत होतं, फक्त टेप ड्राइव्ह नावाची काही चीज जगात आहे हे त्याला मान्यच नव्हतं. तिने केबल काढली, लावली, पुन्हा काढली. दुसरा दिवसही त्यातच गेला. संध्याकाळी बाबांनी आतून हाक मारली. एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंचे बूट करायला घ्यायचे होते, डाव्या पायाचा घेर हवा होता. कम्प्युटर सुरू झालेला त्यांनी ऐकला होता. “चोवीस,” ती म्हणाली.

आकडा तिने मनाने ठोकून दिला होता. बाबा बरं म्हणाले. आत जाऊन खरं सांगावं असं तिला दहादा वाटलं, पण पाय उचलेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अख्खा कम्प्युटर, ड्राइव्ह आणि टेप गाडीत घालून दुकानात धडकली. तो तिला पाहून उठला, आणि काहीही शोधाशोध न करता त्याने खणातून एक कार्ड काढलं. साधंच, जुन्या घडणीचं, कागदात नीट बांधून ठेवलेलं.

आधीचं कार्ड महागाचं खरं, पण ते फक्त डिस्कच ओळखतं, त्याने मान खाली घालून सांगितलं. चार डिस्क एकत्र सांभाळायला ते उत्तम, टेपला मात्र ते दारातही उभं करत नाही. टेपला हे साधं लागतं. केबल बसली म्हणजे कार्ड चालेल असं त्याने धरून चालायला नको होतं.

पाच मिनिटांत पडद्यावर ड्राइव्हचं नाव आलं. टेप आत गेली, घरघरली… आणि माणसामागून माणूस खाली उतरू लागला. वाकडी टाच आली, आखूड पाय आला. तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं, आणि शेजारच्या माणसाचा हात आपण घट्ट धरलाय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. तिने तो सोडला. त्याने मात्र तो होता तिथेच राहू दिला.

मग पडद्यावर शाळामास्तरीण बाई आल्या. डावा पाय, घेर साडेसव्वीस.

तिने घरी फोन लावला. “बाबा, ते कातडं कापू नका. मी माप खोटं सांगितलं होतं.”

बाबा म्हणाले, आजच सकाळी कापलं. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“कातडं कापून झालंय,” ती म्हणाली. तिची नजर कागदाच्या त्या रिकाम्या पुडीवर गेली.

“हे कार्ड तुम्ही कधी शोधून ठेवलंत?”

त्याची बोबडीच वळली. “तुम्ही गेलात… त्याच दुपारी. चूक लक्षात आली होती.”

“माझा नंबर होता तुमच्याकडे.”

“होता. फोन केला असता, तर तुम्ही कुणाला तरी पाठवून कार्ड बदलून घेतलं असतं.” “मला तुम्ही यायला हव्या होतात.”

असं काही ऐकायला मिळावं म्हणून ती कालपर्यंत काय वाटेल ते द्यायला तयार होती. आज तिच्या डोळ्यांपुढे फक्त कापलेलं कातडं आलं. तिने कम्प्युटर उचलला, त्याची मदत नाकारली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्याच बुटांच्या कारखान्याच्या दारात तो उभा. तिच्याकडे न बघता तो सरळ बाबांसमोर गेला आणि म्हणाला, की चूक त्याची आहे, कातडं वाया गेलं ते त्याच्यामुळे. बाबांनी कातडं कापायची रापी थांबवली. एक फोन करायला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं.

“तुमची मुलगी परत यावी म्हणून नाही केला.”

तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. कुणी बापासमोर असं बोलतं? त्याचं त्यालाही कळलं असावं. तो पांढराफटक पडला होता, पण जागचा हलला नाही. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“हिने चार दिवस मला खरं सांगितलं नाही, तू हिला सांगितलं नाहीस. छान चाललंय.” ते पुन्हा कातड्यावर वाकले. “माझं जे काय बोलायचं ते हिच्याशी बोलून झालंय. तुझं काय ते आता तिलाच विचार.”

दोघंही तिच्या बोलण्याची वाट बघत राहिले. ती अजून रागावलेली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच स्वतःचा आवाज ऐकून तिला सगळ्यात मोठा धक्का बसला.

“टेपची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायची असते ना? इथे आग लागली, पाणी शिरलं, तर?”

“असते,” तो कसाबसा म्हणाला.

“मग दर शुक्रवारी न्यायला ये. आणि यायला उशीर होणार असेल, तर फोन कर.”