आचऱ्याची गाठ

बसा. दिवे तासाभरात यायचे नाहीत. मुलुंडात गेले की गेलेच, आणि तक्रारीचा फोन उचलणारा माणूसही त्यांच्याबरोबरच जातो. रतन, मेणबत्ती जरा लांब ठेव. सांगतोय ते छापून आलेलं नाही. मी माझ्या पेपराला लिहून दिलं होतं, काटछाटीत तीन ओळी उरल्या.

त्र्याऐंशीचा नोव्हेंबर. गिरणी संपाला दोन वर्षं होत आली होती. घाटकोपरला भटवाडीत राहणारा जयवंत, गिरणीतला विणकर, त्याच्याबरोबर मी मढला गेलो होतो. होडी बघायला. त्याचे वडील दत्ताराम चाळीस वर्षं गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. आता खाटेवर. डॉक्टरनं महिना दिला होता. म्हाताऱ्याचा एकच हट्ट, मरायचं ते गावाकडच्या, आचऱ्याच्या घरात, आणि जायचं ते समुद्रानं.

"एसटीतसून बोचक्यासारखो मी जावचंय नाय!"

मढचा बाळा कोळी ऐकून म्हणाला, "तांडेलाला मी नेतो. शिडाची होडी आहे, वारा उत्तरेचा आहे. अजून काय पाहिजे?"

मग भटवाडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सफर आखली गेली. नकाशा नाही. म्हातारा डोळे मिटून बोलायचा, जयवंत काथ्याच्या दोरीला गाठी मारायचा. मुक्कामागणिक एक गाठ. मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. मुक्काम झाला की त्या रात्री ती गाठ सोडायची. आचऱ्याला पोचायचं पाचव्या रात्री. खाडीच्या तोंडावर वाळू, म्हणून आत शिरायचं ते भरतीलाच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यानंच मला शिकवलं.

"झिला, गाठ एका ओढीत सुटाक व्हयी," म्हातारा म्हणाला. "आनि घराची गाठ मारू नको. घर म्हंजे मुक्काम न्हय. दोरी कापू पन नको. कापलेली दोरी म्हंजे बुडलेला गलबत."

सोमवारी, पाच डिसेंबरला निघायचं ठरलं. शुक्रवारी परवान्यासाठी एका कचेरीत गेलो. खिडकीमागचा गृहस्थ पान चघळत म्हणाला, "आजारी माणूस शिडाच्या होडीतून? स्टीमरनं न्या."

"स्टीमर आचऱ्याला लागत नाही," मी म्हणालो.

"मग दाखला आणा. फिट आहे म्हणून."

मरणाऱ्या माणसाचा फिटनेस! मी खिडकीच्या फळीवर हात आपटला, भांडलो, नाव विचारलं. त्यानं खिडकी लावून घेतली. साडेअकरा वाजता!

रविवारी, अमावास्येच्या रात्री, म्हातारा गेला. परवाना नसला तरी सोमवारी पहाटे होडी सुटायची होती, त्या वेळी आम्ही स्मशानात होतो.

दोरी खाटेच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला तशीच होती.

मंगळवारी सकाळी जयवंत बायकोवर खेकसला. "वनमाला, गाठ तू सोडलीस काय गं?"

"मला काय दुसरे धंदे नाहीत?"

पहिली गाठ सुटलेली होती. मुरूडची. बुधवारी दाभोळची. गुरुवारी जयगड. शुक्रवारी सकाळी विजयदुर्ग. शुक्रवारी दुपारी जयवंत माझ्या ऑफिसात आला. पांढराफटक.

"नाना, बाबा निघाले आहेत."

"मग बरंच झालं की रे. आज पोचतील."

तो खाली बसला. मग हळूच बोलला. "घराची पण गाठ मारली आहे मी. बाबा झोपले होते तेव्हा. म्हटलं, घर आहे, सुटायला नको... आमची मारली. गिरणीतली."

मागावर धागा तुटला की विणकर जी गाठ मारतो ती. ती सुटत नाही. सुटू नये म्हणूनच असते.

"सोड मग आत्ता!"

"सकाळपासून तेच करतोय."

नऊ डिसेंबरची रात्र. पंचमी. पाचाची पाऊणपट, पावणेचार. आम्ही तिघं भटवाडीतल्या खोलीत जमिनीवर बसलो. जयवंत सुई घेऊन गाठीशी झटत होता. वनमालानं तेल लावून पाहिलं. मीही दात लावले. तीन वाजले. जयवंतनं दोरी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि हात जोडले.

साडेतीन.

खोलीत खारट वास आला. ओल्या शिडाचा.

वनमालानं उठून दाराची कडी पाहिली.

पावणेचार.

दोरी हलली. वारा नव्हता. दार बंद. ती ताणली गेली. जरा सैल पडली. पुन्हा ताणली गेली. कोणीतरी घाईघाईनं...

"बाबा," जयवंत म्हणाला. "बाबा, माझी चूक..."

काथ्याचा करकर आवाज. खूप वेळ.

मग नखांचा.

जयवंतनं कात्री उचलली. वनमालानं त्याचा हात धरला. दोघं तसेच. मी? मी काय करणार होतो. भांडायला समोर कोणी नव्हतं.

ओहोटी लागली असेल. आवाज कमी होत गेला.

थांबला.

त्यानंतर कधीच आला नाही. जयवंत पुढे आचऱ्याला जाऊन आला, एसटीनं. घराचं दार उघडून तीन रात्री बसला. काही नाही. पुढच्या पावसाळ्यात तोही गेला. जाताना दोरी मला देऊन गेला. माझ्या कपाटात आहे. कापायचा धीर मला नाही.

त्या पहाटे दिवा जवळ आणून आम्ही गाठ बघितली. होती तशीच, घट्ट. तिच्या पिळात एक नख रुतलेलं होतं. जाड, पिवळं, मुळापासून उपटलेलं. आम्ही तिघांनी आपापले हात दिव्यासमोर धरले. तीसही नखं जागेवर होती.