कोल्ह्याला ओ

शाहूपुरीतल्या दुकानातून प्रियदर्शनीनं पेन्सिल सेलचा आख्खा डबा उचलला, तेव्हा दुकानदाराला राहवलं नाही.

"एवढं सेल? वरात हाय काय घरात?"

"न्हाय. कोल्हा धरायचाय," ती म्हणाली.

दुकानदार हसला. कोल्हापुरात कोल्हा धरायला निघालेली बाई म्हटल्यावर कोणीही हसेल. पण ती थट्टा करत नव्हती. गेलं वर्षभर तिनं कुणाचीच थट्टा केली नव्हती.

कोल्हा हा एक खेळ होता. हॅम रेडिओवाल्यांचा. ही हौशी माणसांची एक जात असते. सरकारी परीक्षा देऊन लायसन काढतात, घरी तारा जोडून सेट बनवतात आणि जपानातल्या अनोळखी माणसाला तिकडं पाऊस कसा आहे ते विचारतात. शेजारच्या खोलीतून बायको जेवायला हाक मारते, ती मात्र ऐकू येत नाही. नव्याण्णव सालची गोष्ट. मोबाइल अजून मोठ्या लोकांच्या खिशात होता. शाहूपुरीत गणपतराव मोटर वाइंडिंग करायचे आणि त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर क्लब भरायचा.

क्लबचा लाडका खेळ हा. एकानं सेट घेऊन रानात लपायचं. तो कोल्हा. लपल्या जागेवरून तो बटण दाबून मोर्सचं एकच अक्षर पाठवत राहणार. डा-डी-डा. इंग्रजी के. क म्हणजे कोल्हा. बाकीच्यांनी लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळलेले अँटेना फिरवत त्याला हुडकायचं. नियम एकच, पण कडक: कोल्ह्याशी बोलायचं नाही. जो बोलला तो बाद.

गेल्या ऑगस्टमध्ये शाहूवाडीकडच्या एका सड्यावर हा खेळ झाला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळं, सपाट, दगडी मैदान. कोल्हा झाला होता प्रसेनजीत, प्रियदर्शनीचा धाकटा भाऊ. सकाळी हसत वर गेला. दुपारी धुकं उतरलं आणि हुडकणारे एकेक करून हात हलवत खाली आले. डा-डी-डा चालूच होतं. त्याच्या सेटची बॅटरी दुपारीच संपायला हवी होती, तरी चालू होतं. "चिवट हाय बेणं, हार मानत न्हाय!" म्हणून लोक कौतुकानं हसले आणि त्यांनी जीपमध्ये बसून भजी खाल्ली. दिवेलागणीला आवाज थांबला. मग पोलीस झाले, गावकरी झाले, कुत्री झाली. माणूस मिळाला नाही. सेटही मिळाला नाही.

उचगावात त्यांची आई तानाबाई रोज संध्याकाळी दोन ताटांऐवजी तीन वाढायची. भाऊबंद म्हणाले, वर्ष झालं, आता पुण्यानुमोदन करू, चार माणसं बोलवू, वंदना घेऊ. तानाबाईनं सगळ्यांना दारातून वाटेला लावलं. "माझा ल्योक गेला, हे कोन बघून आलंय? बघून या. मग करा काय करायचं ते." तिसरं ताट तसंच झाकून राहायचं, सकाळी म्हशीला जायचं. प्रियदर्शनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. जगाचे फोन जोडून द्यायची, आणि घरी आली की त्या झाकल्या ताटासमोर तिला घास उतरायचा नाही. आईला 'आहे' किंवा 'नाही' यातलं एक काहीतरी आणून द्यायचं, एवढंच तिला हवं होतं.

क्लबनं खेळ बंद करायचं ठरवलं. गणपतरावांनी प्रसेनजीतचा फोटो हारासाठी फ्रेम करून आणला. प्रियदर्शनीनं तो उलटा करून भिंतीला टेकवला.

"कोल्हा सापडल्याबिगर खेळ मिटत न्हाय, काका. तुम्हीच सांगत आलाय."

गणपतरावांनी कपाटातून सड्याचा नकाशा काढला. म्हणाले, "संग्रामला जीप काढाय सांगतो."

सड्याच्या पायथ्याला चिमणाबाईचं एकटं घर. गेल्या वर्षी शोधाच्या वेळी तिनं सगळ्यांना चहा पाजला होता. आजही पाजला. भाताची खाचरं ओलीचिंब, आभाळ खाली आलेलं, दिवस मात्र नुकता वर आलेला. प्रियदर्शनी बूट बांधायला लागली तशी म्हातारी जवळ येऊन बसली.

"लेकी, वर जातीस तर एक ऐक. सड्यावर हाक येत्या. वळखीच्या आवाजात येत्या. ओ द्यायची न्हाय. मागं बगायचं न्हाय. ह्या गावात कुनीच ओ देत न्हाय. आमचं मालक जनावरं आनाय गेलतं वर... त्येंचीबी हाक आलती. सासूनं माज्या तोंडावर हात दाबून धरला हुता."

"मग?"

"मग काय. थांबली हाक." म्हातारीनं पदरानं कप पुसला. "येक नारळ ठेव वरल्या मोठ्या धोंड्याफुडं. नडत न्हाय."

"मावशी, छप्पन सालापासून आमच्या घरात देव्हारा न्हाय. देवाला नारळ दिला न्हाय, तो काय भुताला देऊ?"

जीप चालवणारा क्लबमधला संग्राम तोंड लपवून हसला. गणपतराव हसले नाहीत.

मांडणी अशी ठरली. गणपतराव जीपपाशी, नकाशा बॉनेटवर पसरून. संग्राम सड्याच्या दुसऱ्या कडेला, तळ्याशी. प्रियदर्शनी मधून चालणार. तिघांकडं तीन चौकटी आणि आपसात बोलायला हातातले सेट.

तिनं हेडफोन चढवला आणि बटण फिरवलं. काहीही ऐकू येणार नाही हे तिला माहीत होतं. जुना पंखा फिरतो तसा नुसता खरखराट असणार होता.

डा-डी-डा.

तिचा हात बटणावरच राहिला. परत, स्वच्छ: डा-डी-डा. मोर्सवाल्यांना एकमेकांचा हात ओळखू येतो. चाल ओळखू येते तसा. कोणाची टिंबं घाईत पडतात, कोणाची रेष लांबते. हा हात प्रसेनजीतचा होता. याच हातानं तिला शिकवलं होतं.

"काका... ऐकालाय काय?"

सेटमधून गणपतरावांचा आवाज आला. "ऐकतोय. प्रियदर्शनी, खाली ये."

"आवाज कुठनं येतोय ती रेष नकाशावर घ्या तुम्ही. मी चालले."

धुकं आलंच. आधी तळं गेलं, मग जीप गेली, मग स्वतःचे बूट. ओल्या दगडाचा आणि कुजक्या गवताचा वास होता, आणि त्यात मध्येच एक वास असा, जो डोंगरावर असायचं कारणच नाही. राळेचा. सेटच्या तारा जोडायला डाग देताना तापल्या राळेचा जो वास येतो, तो. प्रसेनजीतच्या बोटांना रविवारी कायम यायचा.

ती चौकट फिरवत निघाली. समोर धरली की आवाज मोठा, आडवी केली की बारीक. समोर, अजून समोर. आवाज वाढत होता. या चौकटीला मात्र एक खोड आहे. ती रेष सांगते, बाजू सांगत नाही. कोल्हा पुढं असला काय आणि पाठीमागं असला काय, तिला सारखंच. म्हणून दुसऱ्यानं दुसऱ्या जागेवरून रेष घ्यायची, आणि नकाशावर रेषा जिथं छेदतील तिथं कोल्हा. नवशिके इथंच फसतात. ऐटीत चालत सुटतात आणि कोल्हा मागं बसून दात काढतो.

"संग्राम, रेष सांग."

संग्रामनं आकडा सांगितला. गणपतरावांनी आपला सांगितला. त्यांनी दोन्ही रेषा नकाशावर ओढल्या.

"काका, कुठं छेदतीया?"

"तू कुठं हायस?"

"मोठा धोंडा हाय, पांढरा डाग असलेला. त्याला टेकून."

"पोरी... तितंच. तुज्याच जाग्यावर."

संग्रामचा आवाज फाटला. "ताई, माझीबी रेष तितंच येतीया... तू चाललीस तशी सरकतीया. पयल्यापासनं."

म्हणजे तो पुढं नव्हता, पाठीमागून तिच्याबरोबर चालत आला होता. पुढचा दगड न् दगड ती तुडवून आली होती.

तिला भीती वाटली, आणि भरपूर वाटली. उगाच शूरपणाच्या गोष्टी कशाला सांगा. हेडफोनमध्ये डा-डी-डा इतका मोठा झाला होता की दातांत जाणवत होता. राळेचा वास आता थेट खांद्यावरून येत होता.

मागं बघायचं नाही. ओ द्यायची नाही. कोल्ह्याशी बोलायचं नाही. गाव तेच सांगत होतं आणि क्लबही तेच सांगत होता.

आणि मग तिला कळलं.

डा-डी-डा. क म्हणजे कोल्हा, हे क्लबचं पोरकट लाडानं ठेवलेलं नाव. पण मोर्समध्ये हे अक्षर एकटंच पाठवलं तर त्याचा अर्थ जगात सगळीकडं एकच होतो, आणि तो परीक्षेला बसणाऱ्या पोरालाही पाठ असतो. माझं झालं, आता तुम्ही बोला. *बोला.*

गेल्या वर्षी दुपारनंतर तो खेळत नव्हताच. धुक्यात कुठंतरी पडून, बोट चालेल तोवर तो एवढंच म्हणत होता. बोला. कोणीतरी बोला. आणि आठ-दहा लायसनवाली शहाणी माणसं जीपमध्ये बसून भजी खात ते ऐकत होती. कोणी बोललं नाही, कारण जो बोलेल तो बाद.

तिची भीती गेली नाही, पण तिच्यावर संताप चढून बसला.

"काका, मी बोलनार हाय त्याच्याशी."

"येडी हायस काय? चिमणाबाईनं काय सांगितलंय... प्रियदर्शनी!"

"मला बाद करा तुम्ही."

तिनं हातातला सेट कोल्ह्याच्या आवाजावर जुळवला. बटण दाबलं. आवाज कसाबसा निघाला, पण निघाला.

"प्रसेनजीत. मी ताई. ऐकते मी. बोल."

डा-डी-डा मध्येच तुटला. सगळा सडा गप्प झाला. मग त्या हातानं, एकेक अक्षर तोलत, पाठवलं.

आ. ई.

तिनं डोळे मिटून घेतले. "आई बरी हाय. रोज ताट वाढून बसत्या तुझं. तू हायस का गेलास, एवढंच मला सांग. मी तिला खरं सांगीन. तिला खरंच पायजे."

थांबला. खूप वेळ थांबला. खांद्यामागं काहीतरी हललं, ओलं कापड हलावं तसं.

गे. लो.

तिच्या तोंडून हुंदका नाही, शिवीच निघाली. कोणाला दिली ते तिलाही सांगता आलं नसतं. मग ती धोंड्याला कपाळ टेकून रडली, आणि रडता रडता बटण दाबून म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. आता सूट. आम्ही करतो तुझं सगळं नीट."

पलीकडून दोन आकडे आले. सात आणि तीन. हॅमवाले निरोप घेताना पाठवतात ते. शुभेच्छा, येतो मी. शेवटची रेष नेहमीसारखी जरा लांबली, आणि मग नुसता खरखराट उरला. राळेचा वास धुक्यात विरून गेला.

सेटवर गणपतराव म्हातारं माणूस रडतं तसे उघड रडत होते. "आमी बोलाय पायजे हुतं गं... आमी बोलाय पायजे हुतं..."

"व्हय," प्रियदर्शनी म्हणाली. "पायजे हुतं." ती त्यांना बरं वाटावं म्हणून काही बोलली नाही.

तिनं चौकट खांद्याला अडकवली, हेडफोन काढायला हात नेला, आणि थांबली.

डा... डी... डा.

हा हात प्रसेनजीतचा नव्हता. चाचपडत होता, नवशिक्याचा होता. मध्येच अडखळून परत सुरू करत होता. पण शेवटचा डा उगाच लांबवत होता. प्रसेनजीतच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण तसंच करायचा. "शेवटचा जरा लांबव, समोरच्याला मान दिल्यासारखं वाटतंय," असं तो चहाच्या ग्लासावर चमचा वाजवत सांगायचा.

दुसऱ्या बाजूनं अजून एक आला, त्याहून कच्चा. मग तळ्याकडून एक. मग मोजण्यात अर्थ राहिला नाही.

"ताई," संग्राम कुजबुजला, "माज्या चौकटीत सगळीकडनंच आवाज येतोय. कोन हाय ही?"

"सड्यावर राहिलेली मानसं," ती म्हणाली. "हाका मारून मारून दमलेली. खालचं गाव तोंडावर हात दाबून बसलं. प्रसेनजीतनं वर्षभर शिकवलंय त्यांना."

"खाली ये, पोरी! तुजं काम झालं!" गणपतराव ओरडले.

तिचं काम झालं होतं, हे खरं. उत्तर मिळालं होतं. आज संध्याकाळी उचगावात दोनच ताटं वाढली जाणार होती. कोणीही शहाणा माणूस इथून उतरला असता.

"चिमणाबाईला जीपपाशी आना," ती म्हणाली. "तिला मालकाचं नाव इचारा. घेत न्हाय म्हनाली तर म्हनावं, आज घ्यायचं. आज कुनाच्या तोंडावर हात ठेवायचा न्हाय."

ती धोंड्याला पाठ लावून खाली बसली. बटण दाबलं.

"ऐकते मी. सगळ्यांचं ऐकते. गर्दी करू नका. एकेकानं."

वर्गात छडी आपटल्यावर व्हावं तसं क्षणात सगळं चिडीचूप झालं. तिनं वाट पाहिली. हेडफोनमध्ये खरखरही उरली नव्हती. सेल संपला असेल म्हणून तिनं हेडफोन उतरवून गळ्यात टाकला.

आणि तिच्या पाठीशी, ज्या धोंड्याला ती टेकली होती त्याच्या आतून, तिच्या मणक्याला लागेल असं कोणीतरी बोटाच्या पेरानं वाजवलं. डा-डी-डा, शेवटचा लांबवत.

प्रियदर्शनीनं मागं बघितलं नाही. सरकलीही नाही.

"बोला," ती म्हणाली.