रेडीहून परतलेल्या भाकऱ्या

रत्नम्मांच्या देवघरातली चांदीची करडगी गेल्याचं मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी सातला कळलं. आठ वाजता उपनिरीक्षक दानेश्वरी बिराजदार घरात हजर होत्या. तीन वर्षं कोकण किनाऱ्यावर नोकरी करून त्या नुकत्याच सोलापुरात आल्या होत्या.

करडगी म्हणजे इष्टलिंग ठेवायची डबी. आतलं लिंग लिंगायत रिवाजानं वारलेल्या नवऱ्यासोबत समाधीत गेलं. रिकामी डबी रत्नम्मा रोज पुसत. काल, रविवारी, त्या अक्कलकोटला होत्या. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या आणखी दोघांकडे: कामाच्या मीनाबाई आणि भाचा मल्लिनाथ.

भाचा तीन दिवस कोकणात, रेडीला होता. म्हणजे उरल्या मीनाबाई.

"आमी न्हाय हात लावला, मॅडम." मीनाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. "अकरा वर्सं हितं भांडी घासली. चोर म्हनून नाव लागलं तर या गल्लीत कोन दारात उभं करंल?"

"गुन्हा नोंदवा की मॅडम," मल्लिनाथ म्हणाला. तो प्रवासाचे व्हिडिओ करायचा आणि बघणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायचा. मित्र एकूण एक्केचाळीस होते. "मावशी, तुला किती वेळा सांगितलं, या लोकांना डोक्यावर चढवू नको."

दानेश्वरी त्याच्याकडे वळल्या.

"तुम्ही कधी आलात?"

"आत्ता सहाला. बॅगसुद्धा उघडली नाही."

"काय पाहिलं रेडीला?"

दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. उभे कडे, खाली आपटणारा समुद्र, लोखंडाच्या जुन्या खाणी, खड्ड्यांत साचलेलं तांबडं पाणी. तिथं माणसाला स्वतःचं क्षुद्रपण कळतं, असं तो म्हणाला. त्याला ते कळल्याची खूण दिसत नव्हती. फोनवर फोटो होते: हिरव्यागार कड्यावर हात पसरलेला मल्लिनाथ.

"जेवणाचं काय केलंत?"

"ते मासेखाऊ गाव. मावशीच्या कडक भाकऱ्यांवर तीन दिवस काढले. पिशवी खिडकीतच टांगली होती, समुद्राच्या वाऱ्यावर. चार उरल्यात, घ्या की."

दानेश्वरींनी पिशवीतलं फडकं सोडलं, भाकरी मोडली. काडकन तुकडा पडला. त्यांनी तो सावकाश चावून खाल्ला.

"रत्नम्मा, भाकरी छान झालीय. कधी केली?"

"गुरुवारी. त्याच्यासाठीच."

"मग ती सोलापूर सोडून कुठं गेली नाही."

मल्लिनाथ हसला. एकटाच.

"मलाही घरून कडक भाकरी यायची," दानेश्वरी म्हणाल्या. "इथं महिनाभर वाजते. तिथं मे महिन्यात भिंतींना घाम येतो. उघडी भाकरी सकाळपर्यंत चामड्यासारखी होते. तुमची तीन रात्री समुद्राचा वारा खाऊन अशी वाजते? आणि ते हिरवे कडे. मे महिन्यात तिथलं गवत वाळून पिवळं पडतं. फोटो पावसाळ्यातले आहेत. रेडीला तुम्ही गेलात, पण मागच्या खेपेला. मग रविवारी किल्ली घेऊन कुठं होता?"

मल्लिनाथनं कबूल केलं. तो सोलापूरजवळच कुंभारीला मित्राच्या खोलीवर होता. करडगी तिथंच, त्याच्या उशीखाली. विकून ड्रोन घ्यायचा होता. वरून समुद्र दाखवला की बघणारे वाढतात.

"मावशी, रिकामीच तर होती ती," तो म्हणाला.

हवालदारानं त्याला जीपमध्ये बसवलं.

"मीना," रत्नम्मा म्हणाल्या, "आत ये. चहा टाकते."

मीनाबाईंनी कमरेची किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली.

"भांडी घासल्यात, बाई. उद्याची भाच्याला सांगा."