सरूबाईची बकूळ

"रुद्र, मोबाइल ठेव खाली, आजीचं ऐक. खरी गोष्ट हाय. आपल्या शेजारच्या विक्रमची, गेल्या साली भाऊबीजेच्या रातीची. त्यानंच मला रडत सांगितली.

नदीकडंच्या आपल्या राईत माणसाची राख खड्ड्यात घालून वर झाड लावत्यात, ठाऊक हाय ना? विक्रमची आई सरूबाई गेली, तवा तिच्या राखेवर बकूळ लावली. बहीण अनुपमा शिक्रापूरला दिलेली. जाताना म्हणली, 'दादा, पाणी घालत जा.' ह्यो व्हय म्हणला आन् उसाच्या नादात इसरला. उन्हाळ्यात बकूळ वाळून गेली. मग ह्यानं दुसरं रोप आणलं. पाइप फाटकापत्तूरच येतो, म्हणून फाटकाजवळ लावलं. आईच्या नावाची पाटीबी तिथंच ठोकली. बहिणीनं पहिली जागा बघितलीच नव्हती, तिला काय कळतंय!

भाऊबीजेला ओवाळून झालं. अनुपमा म्हणली, 'निघायच्या आधी राईत चक्कर मारू. आईला भेटते.' मायलेकी तिथं पाखरं बघत फिरायच्या, जुनी सवय.

अंधार पडलेला. विक्रमनं बॅटरी मारली. बाभळीच्या फांदीवर वेडे राघू दाटीवाटीनं झोपलेले. अनुपमा हसली. मग पाटी दिसली. तिनं झाडाला हात लावला. थांबली. हात काढून घेतला.

'काय गं?'

'आई हितं न्हाई.'

आन् आत चालायला लागली. पायवाट सोडून.

'अनू, तिकडं काय न्हाई...'

ऐकंना. बरोब्बर जुन्या खड्ड्यापाशी थांबली. पिंगळा ओरडत व्हता, तो गप झाला. पान हलंना. बॅटरीच्या उजेडात नुसती माती...

अनुपमा वाकली. दोन्ही हातांनी पदर पसरला.

'आई... तहान लागली व्हती का गं?'

काय उत्तर आलं, कुणास ठाऊक. ती मान हलवत व्हती. विक्रमला काहीच ऐकू आलं न्हाई. त्यानंबी 'आई' म्हणून हाक मारली. परत मारली...

न्हाई. त्याच्याशी कुणी बोललं न्हाई. लई वाईट वाटतं मला त्या पोराचं.

मग बहिणीनं पदराला गाठ मारली आन् घरी येईस्तवर ती मुठीत धरून ठेवली. दारात भावजय म्हणली, 'थांबा वन्सं, ओटी भरायची ऱ्हायलीय. पदरात काय बांधलंय?'

अनुपमानं गाठ सोडली.

तांदूळ. हळकुंड. सुपारी.

विक्रमनं तांदळाला हात लावला.

मुठीतनं आत्ताच सोडल्यागत... ऊन व्हते."