कोपऱ्यातली पिवळी चौकट

नवी वस्तू हातात आली की हुरळून जावं, असा तो म्हातारा नव्हता. उभा जन्म फोटो काढण्यात गेलेला. गिऱ्हाईक समोर बसलं की "हसा बघू" म्हणायचा, म्हणून लोक त्याला हसाबघूच म्हणत. स्वतः मात्र हसताना कोणाला दिसला नाही.

त्याचा जुना कॅमेरा कायमचा बंद पडला, तेव्हा लेकीने हा नवा आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, शिकाऊ लोकांसाठी एकदम उत्तम.

"शिकाऊ?" म्हातारा भडकला. "मी शिकाऊ?"

"बटणं बघून घाम फुटला ना? मग शिकाऊच," चिमी म्हणाली.

लेक बापाच्याच वळणावर गेलेली. एक शब्द घ्यायचा आणि दोन परत द्यायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच. शेजारी म्हणत, या घरात सुरी विकत आणावी लागत नाही.

कॅमेरा तसा वाईट नव्हता, हे त्याने मनातल्या मनात मान्य केलं. वजनाला हलका, मुठीत नीट बसणारा. वरची चकती हिरव्या खुणेवर ठेवली की उजेड, वेग सगळं तोच ठरवायचा. अंधार वाटला तर फ्लॅश बेडकाच्या डोळ्यासारखा टपकन वर यायचा. वरच्या भिंगाला डोळा लावला, तर आतल्या आरशातून आलेलं खरं दृश्य दिसायचं. मागचा पडदा चालू केला, तर कॅमेरा माणसांची तोंडं हुडकायचा आणि प्रत्येक तोंडाभोवती पिवळी चौकट आखायचा.

"याला तोंड कळतं?"

"तुमचं तोंडसुद्धा ओळखतो. म्हणजे हुशारच म्हणायचा."

चिमी वेगळं घर घेत होती, हे खरं दुखणं. आपण मेल्यावर जा म्हणावं कुठे जायचं तिथे, आत्ता कसली घाई? पण हे तोंडाने कोण बोलणार? कर्जासाठी बँकेला प्रत्येक खोलीचा फोटो हवा होता, म्हणून दुपारचं जेवण झाल्यावर दोघं निघाले. ती फोटोंसाठी निघाली, हा खोट काढायला.

घर दुसऱ्या मजल्यावर. दलाल किल्ल्या वाजवत पुढे चालला होता.

"घर फार गुणी आहे बरं का. आधीच्या बाई आल्या तेव्हा कमालीच्या भांडकुदळ. महिन्याभरात अशा निवळल्या, की आवाज म्हणून येईना."

"मग आधी बाबांनाच ठेवू या इथे," चिमी म्हणाली.

दलालाला फोन आला, तो खाली उतरला. पुढच्या दोन खोल्यांचे फोटो झकास आले. म्हाताऱ्याला खोट काही सापडेना. मागची खोली तेवढी राहिली.

त्या खोलीला एकच उंच झरोका. भिंती कोऱ्या, सामान शून्य. बंद पेटीत ओले कपडे राहून गेले की येतो, तसा वास. म्हाताऱ्याने भिंगाला डोळा लावला. रिकामा कोपरा. मग पडदा चालू केला.

कोपऱ्यात पिवळी चौकट उमटली. जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं यावं, तेवढ्या उंचीवर.

"घ्या! भिंतीला तोंड फुटलं," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

फोटो बघितला तर भिंत धूसर. म्हणजे कॅमेऱ्याने भिंतीच्या अलीकडचं काहीतरी धरलं होतं. अलीकडे तर काहीच नव्हतं. त्याने पुन्हा काढला. भिंत आणखी धूसर आली. चौकट आता मोठी दिसत होती. तोंड जवळ आलं की होते, तशी.

झुंई... झुंई... लेन्स मागेपुढे होत राहिली.

मानेवर काटा आला, पण कबूल करेल तो हसाबघू कसला. कोरी भिंत बघून कॅमेरा गोंधळतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यावरचा इलाजही धंद्यातला जुनाच. फोकस बसत नसेल, तर तिथे माणूस उभा करायचा.

"चिमे, त्या कोपऱ्यात उभी राहा. याला धरायला काहीतरी दे."

"बँकेला भिंत हवीय, मी नाही."

"फोकस धरला की हो बाजूला. उभी राहा म्हटलं ना!"

ती गेली. पडद्यावर दोन चौकटी दिसल्या. एक तिच्या तोंडाभोवती. दुसरी तिच्या गालाला लागून.

"बाबा... इथे कोणीतरी श्वास..."

दोन्ही चौकटी एकमेकींवर सरकल्या. एकच उरली. खटक.

फोटो लख्ख आला. पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतका.

"जमलं!" म्हातारा खूश झाला. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही, बाबा." ती हसली. "हे घर नको. तुम्हाला आवडत नाही ना? आपल्याच घरी जाऊ. मी तुमच्याजवळच राहीन."

जे ऐकायला तो तडफडत होता, तेच. दार ओढून घेऊन जिना उतरताना त्याचे पाय हलके पडत होते. खालच्या पायरीवर आल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. चिमी एका दमात ऐकेल? जन्मात नाही.

फाटकाशी त्याने सहज कॅमेरा तिच्याकडे वळवला. बाजूला उभ्या दलालाच्या तोंडाभोवती चौकट आली. चिमीच्या तोंडाभोवती नाही.

आपोआप फोकस बंद करायची लेन्सवरची कळ त्याने सरकवली, भिंगाला डोळा लावला आणि आयुष्यभर केलं तसं हाताने लेन्सचं कडं फिरवू लागला. चिमी धूसर. अजून फिरवलं. फाटक स्पष्ट झालं, पलीकडचं झाड स्पष्ट झालं, लांबची टाकी स्पष्ट झाली. कडं शेवटाला जाऊन अडलं. दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली पोरगी धूसर ती धूसरच.

"काय झालं, बाबा?" धूसर तोंड गोड आवाजात म्हणालं.

"टोपण... भिंगाचं टोपण राहिलं वर." त्याने दलालाच्या हातातून किल्ली हिसकावली.

वर जाताना छातीचा भाता झाला होता. मागच्या खोलीत त्याने पडदा चालू केला. कॅमेरा कोपऱ्यावर रोखला.

चौकट होती. आता बसलेल्या माणसाच्या उंचीची नव्हती. चिमीच्या उंचीची होती.

"चिमे?..."

चौकट झपाट्याने मोठी झाली. पुढे, आणखी पुढे, थेट त्याच्या छातीपर्यंत. पडदा भरून गेला. समोर हवेत काही नव्हतं. फक्त गार श्वास मनगटावर आला, तुटक तुटक, रडणाऱ्या माणसासारखा.

"चुकलो गं पोरी... मीच उभं केलं तुला तिथे. सांग, कसं काढू बाहेर? सांग!"

कडेला बॅटरीची लाल खूण लुकलुकू लागली. हा पडदा बॅटरी फार खातो.

जिन्यावर चपला वाजल्या. संथ. चिमीच्याच.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

पडद्यावरची चौकट दचकली. लहान होत होत मागे सरकली, पार कोपऱ्यात गेली आणि खाली बसली.