माझ्या नावाला ओ

भर गल्लीत सायकल थांबली आणि पोस्टमननं हाक मारली, "विठाबाई चांगदेव… कोण हाय?"

एकदम दोन दारांतून ओ आली!

मागच्या दारातून मी ओरडले, भांडी घासत होते, हात राखेनं माखलेले. पुढच्या दारातून ओ दिली माझ्या चुलत्यानं, हौसरावानं. घर एकच. पण बाप गेला तशी चुलत्यानं मधल्या दाराला कडी घातली. पेठेच्या गल्लीवरचं पुढचं दार त्याचं. विहाराच्या बोळातलं मागचं आम्हा मायलेकींचं. निमोण्याच्या अलीकडं आमचं गाव. साल चौऱ्याहत्तर, हुरड्याचे दिवस.

मी बोळातून वळसा घालून पुढं येईपर्यंत पाकीट चुलत्याच्या बंडीत गेलं होतं. पोस्टमन सायकलवर टांग टाकत होता. नवाच. नथानिएल नावाचा, केडगावचा ख्रिस्ती. अंगात खाकी, आणि डोळे… ते नंतर सांगते.

"ओ पोस्टमन! पत्र कुणाचं व्हतं?"

"विठाबाईंचं."

"आन् दिलं कुणाला?"

"त्यांनी ओ दिली, म्हणून…"

"विठाबाईला मिशा असत्यात व्हय?"

गडी कानापर्यंत लाल. पिशवीतून एक मळकी वही काढली. "जुन्या पोस्टमनची हाय. हितं लिवलंय, चांगदेवाचं घर, पुढचं दार."

"चांगदेव जाऊन चार वर्सं झाली. तुमच्या वहीत अजून जिता हाय का?"

त्यानं वही मिटली. मग हळूच म्हणाला, "पाकिटावर दौंडच्या दवाखान्याचा शिक्का व्हता."

म्हणजे माझ्या नोकरीचं उत्तर! आयाच्या नोकरीला अर्ज केला होता मी, आईशिवाय कुणाला न सांगता. चुलत्याला मी हवी होते त्याच्या रानात, फुकटची. नाहीतर कासारीच्या एका बिजवराच्या घरात, त्याच्या तीन पोरांना सांभाळायला. पत्र मागायला गेले तर चुलता म्हणाला, "कसलं पत्र? बियाण्याची जाहिरात व्हती. चुलीत घातली."

माझी नातसून रांजणगावच्या कंपनीत कॉम्प्युटर बघते. परवा सांगत होती, "आजी, एकाच मशीनला दोन वायरी लावल्या की निरोप एकीचा असतो आणि ओ दुसरीच देते. निरोप भलतीकडंच जातो." म्हटलं, मला शिकवू नकोस. या बिघाडावर माझा संसार उभा हाय.

दुसऱ्या दिवशी तो बोळातून आला. हाक नाही, घंटी नाही. सायकल धरून नुसता उभा. वही उघडून दाखवली, "विठाबाई, मागचं दार."

"पेन्सिलीनं? शाईनं लिव्हा."

"शाईचं खोडता येत न्हाई."

"खोडायचं कशाला हाय?"

त्यानं वर बघितलं. डोळे असे, की भरल्या विहिरीत वाकून बघावं आणि… जाऊ दे. खिशातून पेन काढला आणि गिरवून गिरवून लिहिलं.

आमच्या उंबऱ्यावर बसून त्यानंच दुसरा अर्ज लिहिला. उत्तर रजिस्टरनं पाठवा, असंही लिहिलं, तिकिटं जोडली. "हितं अंगठा…"

"चौथी पास हाय मी."

सही केली. वेलांटी जरा मोठीच काढली, मुद्दाम.

मग तो रोज यायला लागला.

"आज काय?"

"आज काई न्हाई."

"मग आलात कशाला?"

"न्हाई म्हणून सांगायला."

आई आत शेंगा फोडत हसायची. गावाला मात्र विषय मिळाला. चुलता गरजला, "त्या किरिस्तावाला दारात उभं करतीस?"

"माझं दार हाय, आप्पा. तुमच्या दारात कुणी उभं राहत न्हाई, त्याला मी काय करू?"

त्यानं बोळात बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या. तीन दिवस मी पाणीसुद्धा आणू शकले नाही. आणि चौथ्या दिवशी, शुक्रवारी, पुढच्या ओसरीत तो कासारीचा बिजवर आपली माणसं घेऊन लग्नाचं ठरवायला बसलेला असताना, सायकल आली. बोळ बंद. पुढच्या गल्लीतच त्याला हाक मारावी लागली.

"विठाबाई चांगदेव!"

"ओ!" चुलत्यानं हात पुढं केला.

"रजिस्टर हाय. सही त्यांचीच लागती."

"चुलता हाय मी. आण हिकडं. न्हाईतर जा घिऊन माघारी."

पत्र माघारी गेलं की नोकरीही गेली. मी कोपऱ्यातली पहार उचलली आणि मधल्या दारावर घातली. तिसऱ्या घावाला कडी उचकटली. सैपाकघरातून, ओसरीतून, पाहुण्यांच्या चहाच्या बश्यांमधून मी सरळ गल्लीत आले. हातात पहार तशीच.

"ओ," मी म्हटलं. "विठा मी हाय."

सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. कागद हलू नये म्हणून त्यानं सीट घट्ट धरली. पत्रात एकच ओळ कामाची, सोमवारी दहाला हजर व्हावे. मागं वळून बघितलं तर पाहुणे चपला शोधत होते.

रविवारी तो परत आला. खाकी नाही, पिशवी नाही, पांढरा सदरा. पुढच्या गल्लीत मधोमध उभा राहिला.

"विठा!"

नुसतं विठा. बाई गळालेली.

सवयीनं चुलताच बाहेर, "ओ! पत्र हाय का?"

"न्हाई. एक इचारायचं हाय."

"मला इचार."

"तुमच्याशी लगीन करायचं न्हाई मला."

अख्खी गल्ली खदखदली. मी मोडक्या मधल्या दारातून पुढं आले, सावकाश. केसात शेवंती होती, ती सकाळपासूनच, त्याच्यासाठी म्हणून काही नव्हे.

"नोकरी सोडणार न्हाई मी."

"सोडा म्हणलंय कुणी?"

"तुमच्या चर्चला येणार न्हाई."

"मी कुठं तुमच्या विहारात वंदनेला येतोय?" मग आवाज खाली आला. "घरी… घरी तरी याल न्हवं?"

गल्लीभर माना पुढं झाल्या. चुलत्याचीसुद्धा.

"घराला दारं किती?" मी विचारलं.

"एकच."

मी त्याच्याकडं बघितलं. पुरतं, गावासमोर, पापणी न मिटता.

"मग… ओ."